घरात कुणाचं नाव घेत नाहीत?

आमच्या अहमदपूरच्या ख्रिस्ती मंडळीत घराण्यांचा इतिहास लिहायचं काम सुरू झालं ते माझ्या फॉर्ममुळे, आणि पहिल्याच महिन्यात बंद पडलं तेही माझ्या फॉर्ममुळेच. हे आधी कबूल करून टाकते, नाहीतर पुढे विनीता सिस्टरांबद्दल लिहिताना लोक म्हणतील, ही स्वतःचं तेवढं झाकून ठेवते.

मी शिल्पा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मंडळीची सेक्रेटरी. हे दुसरं काम कुणालाच नको होतं, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. दोन वर्षांपूर्वी आमचे आलोक पाळक उपासनेनंतर म्हणाले की म्हातारी माणसं आहेत तोवर प्रत्येक घराने आपली माहिती लिहून ठेवावी. कोण कुठून आलं, बाप्तिस्मा कधी घेतला, आधीचे लोक कोण होते. मला लगेच हुरूप आला. दोन पानी फॉर्म तयार केला. मूळ गाव, मूळ नाव, आजोबा, पणजोबा, साल, सही. साठ वाटले, अकरा परत आले. त्यातल्या सातांमध्ये पणजोबांच्या रकान्यात 'माहीत नाही' होतं, आणि एका बहाद्दराने तिथे 'आदाम' लिहिलं होतं.

बाकीचे का आले नाहीत हे मला कळायला हवं होतं. आमच्या लोकांच्या घरी कागद जपून बाहेर काढतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं, आणि सवलत जाऊ नये म्हणून कुठला कुठे दाखवायचा हे घरातल्या लहानालाही ठाऊक असतं. त्यात मी 'मूळ नाव' असा रकाना छापून खाली सही मागितली होती. लोक चर्चच्या दारात मला टाळायला लागले.

एका रविवारी विनीता सिस्टरांनी तो फॉर्म माझ्याकडून मागून घेतला. चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"माणसाला असं इचारतेत व्हय? हे रेशन कार्डाचं झालं, शिल्पा."

सिस्टर म्हणजे नर्स. तीस वर्षं त्यांनी उपकेंद्रावर नोकरी केली. बाळंतपणं, लसीकरण, कुटुंबांची नोंद यांसाठी तालुक्यातली गावं पायी आणि एसटीने पालथी घातली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आता पंचावन्नच्या आहेत, नोकरी वेळेआधीच सोडली, पण काखेतली काळी पिशवी अजून सुटलेली नाही. बोलणं तुटक, हसणं त्याहून कमी. कुणाचं गुटगुटीत बाळ पुढे केलं तर "बरं हाय" एवढंच म्हणतात. मी त्यांना आधीपासून घाबरत आले आहे आणि अजूनही थोडी घाबरते.

पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, "चल, वर्षाराणीच्या घरी जाऊ. वही घेऊ नको."

वर्षाराणी म्हणजे माझ्या फॉर्मवर 'आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही' असं लिहून देणारी. तिचं ब्यूटी पार्लर आहे. आम्ही गेलो तर तिचा नवरा पुढच्या खोलीत खुर्च्या मांडायला लागला. सिस्टर त्याला "बसा तुम्ही" म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि सासूबाईंच्या शेजारी खाली बसल्या. लसूण सोलायला घेतला. बराच वेळ गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलणं झालं. मग सहज विचारल्यासारखं, "तुमची पहिली जचकी कुठं झाली हो? कुणी केली?"

तिथून धागा निघाला. सिस्टर सालं विचारत नव्हत्या. आईचं लग्न अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधी का नंतर, बहात्तरच्या दुष्काळात अंगावर कोणतं लेकरू होतं, भूकंप झाला तेव्हा धाकटा चालत होता का, असं विचारत होत्या, आणि सालं आपोआप जागेवर बसत होती. सासूबाईंच्या नऊ खेपा झाल्या होत्या. चार जगले. "न्हाई जगले त्यांची नावं ठिवली व्हती का?" सिस्टरांनी विचारलं. म्हातारीने हातातला लसूण खाली ठेवला आणि पाचही नावं क्रमाने सांगितली. एक तर दीडच दिवसाचं होतं. दारात उभ्या असलेल्या तिच्या मुलाने, वर्षाराणीच्या नवऱ्याने, ही नावं जन्मात ऐकलेली नव्हती.

उठता उठता सिस्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो त्या प्रत्येक घरात शेवटीच विचारतात.

"ह्या घरात कुणाचं नाव घेत न्हाईत?"

त्या दिवशी वर्षाराणीने तिच्या पोरीची चित्रकलेची वही आणली आणि ती पाच नावं स्वतःच्या हाताने लिहिली. मी लिहून देते म्हणाले, तर सिस्टरांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आपण लिहिलं का आपलं रजिस्टर होतं. त्यांचं त्यांना लिहू दे. वेडंवाकडं का होईना."

त्या वर्षभरात सिस्टर त्रेचाळीस घरं फिरल्या. बरेचदा मी सोबत होते. कुणाचा चुलता घर सोडून हैदराबादला गेला होता, कुणाच्या आत्याने विहीर जवळ केली होती, कुणाची बहीण दुसऱ्या धर्मात लग्न करून गेली होती. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा एखादी बाईच बोलायची. लोक आपल्या वह्या घेऊन चर्चला यायला लागले, एकमेकांच्या वह्या चाळायला लागले. माझ्या फॉर्मचे गठ्ठे मी रद्दीत दिले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिकडे येते.

सिस्टरांनी स्वतःच्या घराचं पान सगळ्यांच्या आधी लिहिलं होतं. त्यांना ते सर्वांत सोपं वाटलं. त्यांची आजी मार्था ही आमच्या मंडळीची पहिली बायबलबाई. पांढरं लुगडं नेसून गावोगाव शुभवर्तमानाची पुस्तकं विकायची, बायकांना वाचायला शिकवायची. तिचा फोटो चर्चच्या व्हरांड्यात आहे. तिचा नवरा यशवंत. थोरला मुलगा अण्णाराव आणि धाकटी मुलगी, म्हणजे सिस्टरांची आई. मंडळीच्या रजिस्टरात तसंच होतं, सिस्टरांनी तसंच उतरवलं. दुसऱ्यांना विचारायचा तो शेवटचा प्रश्न स्वतःच्या घरी विचारावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

सिस्टरांची आई कधीच गेली. अण्णाराव मामा मात्र आहेत, एक्क्याऐंशी वर्षांचे. शाळेत शिपाई होते. हृदय दुबळं झालंय, आणि लातूरच्या डॉक्टरांनी घरच्यांना काय सांगायचं ते सांगून ठेवलंय. गेल्या वर्षी जानेवारीत सिस्टर ते पान त्यांना दाखवायला घेऊन गेल्या. मी बरोबर होते.

मामांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. खूप वेळ लावला. मग घडी करून परत दिला.

"हे खोटं हाय, विनीता. मार्था माझी माय न्हाई."

सिस्टर म्हणाल्या, "मामा, रजिस्टरात हाय."

"रजिस्टरात असंल. माझ्या मायचं नाव तुळजाबाई."

हळूहळू, मधे मधे दम घेत त्यांनी सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली बापाने बाप्तिस्मा घेतला. तुळजाबाई म्हणाली, मी माझी देवी सोडणार नाही. बापाने पाच वर्षांच्या पोराला उचललं आणि अहमदपूरला आला. ती माहेरी गेली, हिमायतनगरच्या पलीकडे. पोराला सांगितलं, माय मेली. तीन वर्षांनी चर्चमध्ये मार्थाशी लग्न झालं. एकाहत्तर साली मरताना बाप खरं बोलला, की तुझी माय जिवंत आहे, जाऊन ये.

"मग गेला का न्हाई?" सिस्टरांचा आवाज एकदम नर्सचा झाला.

"लाज वाटली. मंडळीत सगळे मला मार्थाबाईचा लेक म्हणून ओळखायचे. काय सांगणार व्हतो? आज जाऊ, उद्या जाऊ करून राहिलो. ऱ्हाऊन गेलं."

मला रजिस्टराचं पहिलं पान आठवलं. 'जुने रजिस्टर वाळवीने खाल्ल्याने ही नक्कल १९५८ साली घरोघरच्या कर्त्या पुरुषांस विचारून केली.' ही ओळ मी वीस वेळा वाचली असेल. घरात त्या दिवशी जे होते ते लिहिले गेले, आणि सांगणारा यशवंत होता.

मामांनी एकच मागितलं. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमते. आदल्या आठवड्यात कबरींना चुना दिलेला असतो. पाळक एकेक नाव वाचतात, आणि ज्या घरचं माणूस असेल त्या घरातलं कुणीतरी मोठ्याने "आमचे" किंवा "आमची" म्हणतं आणि मेणबत्ती लावतं. कुणीच उरलं नसेल तर पाळक स्वतः "मंडळीचे" म्हणतात. बिनउत्तराचं नाव आम्ही ठेवत नाही.

"ह्या ईस्टरला तिचं नाव घ्या," मामा म्हणाले. "पुढच्याला मी असन का न्हाई, सांगता येत न्हाई. मला एकदा 'आमची' म्हणायचंय."

सिस्टरांनी कागद पिशवीत टाकला, "बघू" म्हणाल्या आणि निघाल्या.

नंतरचे पाच आठवडे त्या कुणाच्याही घरी गेल्या नाहीत. मला राग आला होता. मोठ्या माणसांवर रागवायचं नसतं हे मला माहीत आहे, तरी आला. त्रेचाळीस घरांच्या चुलीपाशी बसून लोकांची झाकलेली माणसं बाहेर काढली, आणि स्वतःची वेळ आली तर "बघू". पण दुसरीकडे हेही दिसत होतं की उपासनेला येता-जाता त्या व्हरांड्यातल्या मार्थाच्या फोटोसमोर थांबायच्या. त्या आजीने त्यांना वाढवलं होतं, नर्सिंगला पाठवलं होतं. तुळजाबाईचं नाव कबरस्तानात घेतलं की मार्था दुसरीच्या जागी आलेली बाई होणार, आणि लोक काय बोलायचं ते बोलणार. मंडळी प्रेमळ असली तरी तोंडं सगळीकडे सारखीच.

सहाव्या रविवारी वर्षाराणीने त्यांना चर्चच्या दारात गाठलं. ती औशाला माहेरी जाऊन आईशी बोलून आली होती, पण आई काही सांगेना.

"सिस्टर, तुम्ही शेवटी काय विचारता ते? मला नीट आठवंना. परत एकदा सांगा की."

सिस्टरांनी पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाल्या, "ह्या घरात कुणाचं नाव घेत न्हाईत." आवाज बारीक झाला होता. वर्षाराणीने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं, थँक्यू म्हणाली आणि गेली.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "हिमायतनगरच्या एसटीचं बघ. मामाच्या गोळ्यांची चिठ्ठी पण घे संगं."

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. नांदेडला गाडी बदलली, मग भोकरमार्गे हिमायतनगर, पुढे ऑटो. मामा खिडकीशी बसले होते. गावात तुळजाबाईच्या भावाचा मुलगा सापडला. रामलिंग नाव, पंच्याहत्तरीचे, अंगणात दोर वळत बसले होते. सिस्टरांनी आम्ही कोण ते सांगितलं. ते उठले, मामांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुम्ही जत्रंतलं लेकरू का?"

आम्हाला काही कळलं नाही. त्यांनी बाज टाकली, पाणी आणलं आणि सांगायला बसले.

"आत्या दरसाल माळेगावच्या जत्रंला जायची. मी लहान, गाडीत बसून मी पण जायचो. तिथं एक पुस्तकवाली बाई यायची. पांढऱ्या लुगड्यातली. तिच्या संगं हे लेकरू असायचं. सकाळी लेकराला आमच्या गाडीपाशी सोडायची, आन दिस मावळायच्या आत न्यायला यायची. दिसभर आत्या त्याला मांडीवर घ्यायची, डोकं विंचरायची, गोडीशेव चारायची."

मामांनी दोन्ही हातांनी बाज घट्ट धरली. "मावशी," ते म्हणाले. "जत्रंतली मावशी. मार्थामाय म्हणायची, जा मावशीकडं. मायचं तोंड इसरलो व्हतो. मला वाटायचं, हिची बहीण असंल."

"बाई इचारायची," रामलिंग म्हणाले, "तुळजाबाई, माय हाय म्हणून सांगू का त्याला? नवरा चिडला तरी चालंल, मी सांगते. आत्या म्हणायची, नगं. पुना एक साल ऱ्हायचंय त्याला तिकडं. रडंल वरीसभर."

रामलिंगांनी पुढचं खाली बघून सांगितलं. काही वर्षांनी बाई एकटीच आली, पोराला बोर्डिंगात घातलं म्हणाली. तरी तुळजाबाई जातच राहिली, गुडघे चालत होते तोवर. शेवटपर्यंत भावाच्या घरी होती. भूकंपाच्या आदल्या साली गेली.

भूकंप त्र्याण्णवचा. मामांचे ओठ हलत होते. ते वर्षं मोजत होते हे मला समजलं, आणि मोजू नये असं वाटलं.

"एकवीस," ते म्हणाले. "बाप मेल्यावर एकवीस वरसं व्हती माझ्यापाशी. जिवंत व्हती ती." आणि ते रडायला लागले. म्हातारा माणूस आवाज न करता रडतो ते बघवत नाही. सिस्टरांनी 'जाऊ द्या' म्हटलं नाही, 'देवाची इच्छा' म्हटलं नाही. त्यांचं मनगट हातात घेऊन नाडी बघत बसल्या, आणि नाडी बघून झाल्यावरही मनगट सोडलं नाही.

परतीच्या गाडीत मामांना झोप लागल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आजी मला प्रत्येक जत्रंचं सांगायची. किती पुस्तकं खपली, कोण कोण भेटलं. हे तेवढं कधी सांगितलं न्हाई." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "तिची अब्रू जाईल म्हणून मी दीड महिना कागद दाबून बसले, शिल्पा. मला लाज वाटून राहिली." मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

आलोक पाळक तरुण आहेत, सज्जन आहेत आणि घाबरट आहेत. सगळं ऐकून त्यांनी हातातलं पेन दोनदा उघडलं, मिटलं. "सिस्टर, आपण बाप्तिस्मा घेतलेल्यांची, इथं पुरलेल्यांची नावं वाचतो. त्या बाई तर शेवटपर्यंत..."

"पाळकसाहेब, मी तिला मंडळीच्या यादीत चढवा म्हणत न्हाई. आमच्या घरच्या यादीत चढवा म्हणते. तिनं तिचा देव सोडला न्हाई, तो तिचा हिशोब. पण तिचं लेकरू ह्या मंडळीनं वाढवलं. त्या लेकराला तिचं नाव घ्यायला ह्या मंडळीत जागा पायजे का नको?"

पाळकांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "ह्या वेळेला नावं तुम्हीच वाचा." ही त्यांची पळवाट होती का मोठेपणा, मी अजून ठरवलेलं नाही. रजिस्टरात मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात नक्कल दुरुस्तीची नोंद केली आणि खाली सही केली.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात दीडशेक माणसं होती. मामांना त्यांच्या मुलाने खुर्चीत बसवून आणलं होतं. खिशात मेणबत्ती होती. गीत झालं, प्रार्थना झाली. सिस्टर पुढे आल्या आणि वाचायला लागल्या. नाव, उत्तर, उजेड. नाव, उत्तर, उजेड. या वेळी यादी नेहमीपेक्षा लांब होती. वर्षाराणीच्या सासूने पाच वेळा "आमचं" म्हटलं, आणि तिच्या मुलाने पाच मेणबत्त्या लावल्या.

मग सिस्टरांनी वाचलं, "तुळजाबाई. अण्णाराव यांची आई."

लोकांनी माना वळवल्या. मामा उठायला गेले. तोंड उघडलं, पण आवाज येईना. पाऊणशे वर्षं मंडळीत न घेतलेलं नाव, आणि त्याच्या पुढचा एक शब्द, तो काही केल्या फुटेना. कुजबुज सुरू झाली. पाळकांनी, आता आपण म्हणावं का, अशा नजरेने सिस्टरांकडे पाहिलं.

सिस्टरांनी यादी खाली केली. "आमची," त्या म्हणाल्या. मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. मग चालत आल्या, मामांच्या हातातली मेणबत्ती त्यांच्या हातासकट धरून पेटवली, आणि जागेवर परत गेल्या.

पुढचं नाव होतं मार्था. त्या नावाला दरवर्षी सिस्टरच उत्तर देतात. त्यांनी ते वाचलं, उत्तर द्यायला श्वास घेतला, आणि त्यांच्याआधी खुर्चीतून आवाज आला. चिरका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आमची," मामा म्हणाले. "ती पण आमचीच."

सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि यादीतलं पुढचं नाव वाचलं.